तबकडीत अडकलेला पाऊस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझे मामा चिपळूणला शिक्षक होते. शाळेत ते गणित शिकवत आणि घरी पाऊस मोजत. परसात एका चौथऱ्यावर पर्जन्यमापक बसवलेला होता. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, ते मोजपात्र घेऊन तिथे जात आणि आलेला आकडा वहीत लिहीत. अंगात ताप असला तरी हा नेम चुकला नाही. १९६२ साली सुरू झालेल्या या वह्यांनी पुढे एक कपाट भरले. निवृत्तीनंतर, १९८९ साली, मुंबईतल्या एका कचेरीने काढून टाकलेला संगणक त्यांनी स्वस्तात मिळवला आणि तीन वर्षे खपून वह्यांतले आकडे त्यात भरले. आम्ही भाचेमंडळी हसलो होतो. वहीत आहे तेच पुन्हा त्या पेटीत कशाला, असे मीच त्यांना विचारले होते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. मामा तेव्हा हयात नव्हते. मामी मुलाबरोबर वरच्या मजल्यावर होत्या, म्हणून माणसे वाचली. अलीकडच्या वह्याही वर होत्या, त्या वाचल्या. पण १९६२ ते १९९१ या तीस वर्षांच्या वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. त्यांचा लगदा झाला. काही दिवसांनी फोन लागला तेव्हा मामी म्हणाल्या, "अरे, जुन्या वह्या गेल्या. पण ह्यांनी ते सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं होतं ना? तो माळ्यावर आहे, कोरडा आहे. तू इंजिनीअर, तेवढं काढून दे."

मी "काढतो" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मामींच्या मनात चित्र असे होते की, डब्यात दागिने असावेत तसे पेटीत आकडे आहेत. डबा उघडला की झाले. त्या काळच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत हे खरे नाही. तिच्यातली माहिती एकट्या तबकडीवर नसते. तबकडी, तिला चालवणारे कार्ड आणि संगणकातली आज्ञावली या तिघांनी आपसांत केलेल्या करारात ती असते. तिघांपैकी एक जरी हरवला, तरी उरलेले दोघे मुके होतात. हे करार कसे झाले, त्याची ही गोष्ट आहे.

पहिली हार्ड डिस्क घरात मावणारी नव्हतीच. १९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' नावाच्या यंत्राबरोबर ती आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि साठवण ५० लाख अक्षरे. पुढे १९७३ साली याच कंपनीच्या ३३४० या डिस्कने आजच्या रचनेचा पाया घातला. तिची आखणी ३० मेगाबाइटच्या दोन भागांची, म्हणून '३०-३०'. त्यावरून विंचेस्टर रायफलची आठवण झाली आणि 'विंचेस्टर' हे नाव पडले. तबकड्या आणि त्यांवर लिहिणारे-वाचणारे हेड एकाच बंद डब्यात ठेवायचे, हेड अगदी हलके करायचे, तबकडी फिरताना ते हवेच्या पातळ थरावर तरंगायचे आणि फिरणे थांबले की तबकडीवरच टेकायचे, अशी ही रचना. 'तबकडीवरच टेकायचे' हे शब्द लक्षात ठेवा. चिपळूणला त्यांनीच मला घाम फोडला.

इकडे घरगुती संगणक जन्माला आले ते डिस्कशिवाय. १९७७चा ॲपल टू, १९८१चा बीबीसी मायक्रो, १९८२चा कमोडोर ६४, सगळ्यांना साध्या कॅसेट टेपवर भागवता येत असे. टेपरेकॉर्डर जोडायचा, बटण दाबायचे आणि कर्कश शिट्ट्या ऐकत काही मिनिटे थांबायचे. १९७८ साली ॲपलने फ्लॉपी ड्राइव्ह आणला, तेव्हा लोकांना सुटल्यासारखे झाले. त्या फ्लॉपीवर सुरुवातीला सव्वाशे किलोबाइटसुद्धा मावत नसत, पण जे मावे ते क्षणात हाती येई. घरच्या संगणकाला याहून अधिक काय लागणार, अशीच यंत्रे बनवणाऱ्यांची समजूत होती.

मग १९८० साली ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांच्या कंपनीने, म्हणजे पुढे सीगेट या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने, एसटी-५०६ नावाची डिस्क बाजारात आणली. आकार सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हएवढा, साठवण ५ मेगाबाइट, किंमत दीड हजार डॉलर. पस्तीसएक फ्लॉप्यांचा ऐवज एका विटेएवढ्या डब्यात आला. पाहुणा दारात उभा राहिला. पण बहुतेक घरांना त्याच्यासाठी दारच ठेवलेले नव्हते.

म्हणून पहिला करार झाला तो दाराचा. ॲपल टू या बाबतीत उदार होता. त्याच्या पोटात कार्ड खोचायला आठ खाचा होत्या. कॅलिफोर्नियातल्या कॉर्व्हस या कंपनीने १९८०च्या सुमारास एका खाचेत कार्ड बसवून बाहेर १० मेगाबाइटची डिस्क जोडून दिली. एवढी महाग वस्तू एकाच संगणकाला कशाला, म्हणून अनेक ॲपल मिळून एकच डिस्क वापरतील अशी सोयही केली. डिस्क बिघडली तर काय, या प्रश्नावरचे त्यांचे उत्तर मला फार आवडते. घरातला व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर जोडायचा आणि डिस्कवरची सगळी माहिती सिनेमासारखी व्हिडिओ टेपवर उतरवून ठेवायची.

उलट १९८४चा मॅकिन्टॉश म्हणजे खिडक्या नसलेले घर. त्यात कार्डासाठी खाच नव्हती आणि हार्ड डिस्कसाठी जागा नव्हती. जनरल कॉम्प्युटर या कंपनीने १९८५ साली 'हायपरड्राइव्ह' काढला, तो मॅकिन्टॉशचे खोके उघडून थेट मुख्य प्रोसेसरच्या पायांना जोडावा लागे. पोट फाडून नळी बसवण्यासारखाच हा प्रकार. त्याच वर्षी खुद्द ॲपलने 'हार्ड डिस्क २०' आणली. ती फ्लॉपीच्या जोडणीतून आत शिरली, त्यामुळे वेगही त्या अरुंद दाराच्या मापाचा. शिवाय, त्या वेळच्या मॅकिन्टॉशच्या कायमच्या स्मृतीला या डिस्कचा पत्ता नसल्याने आधी एक फ्लॉपी घालून यंत्र जागे करावे लागे. अमिगा ५००चीही तीच तऱ्हा. १९८८ साली त्याच्या किकस्टार्ट या मूळ आज्ञावलीची १.३ ही आवृत्ती येईपर्यंत, डिस्क कितीही मोठी लावली तरी सकाळी उठवायला फ्लॉपीच लागायची. मॅकिन्टॉशला खरे दार मिळाले ते जानेवारी १९८६मध्ये, मॅकिन्टॉश प्लसबरोबर. त्याला 'स्कझी' म्हणत. शुगार्ट यांच्या आधीच्या कंपनीत तयार झालेल्या जोडणीतून वाढलेला हा सर्वांसाठी खुला करार. एकाच्या डिस्कने दुसऱ्याच्या संगणकाशी बोलावे, ही कल्पना त्यातून रुजली.

दुसरा करार मांडणीचा. पाहुणा आत आला, पण त्याचे सामान ठेवायचे कुठे? फ्लॉपी लहान, तेव्हा तिच्यावरच्या फायलींची एक साधी यादी पुरे. बीबीसी मायक्रोच्या फ्लॉपीवर एका बाजूला जास्तीत जास्त ३१ फायली ठेवता येत. हा संगणक भारतातही अनेकांना परिचित असेल, कारण १९८४-८५मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी योजनेत तोच शाळांमध्ये आला होता. त्याला ॲकॉर्न कंपनीची १० किंवा ३० मेगाबाइटची विंचेस्टर डिस्क जोडता येई. पण दहा मेगाबाइटला ३१ फायली म्हणजे गोदामाला एकतीस खुंट्या. म्हणून त्या डिस्कबरोबर एक नवी चिप संगणकात बसवावी लागे आणि तिच्यात फायलींचे कप्पे, कप्प्यांत आणखी कप्पे करण्याची सोय असे.

ॲपल टूची मूळ आज्ञावली तर फ्लॉपीपलीकडे पाहायला तयारच नव्हती. कॉर्व्हसने मग आपल्या मोठ्या डिस्कचे फ्लॉपीएवढे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक फ्लॉपी आहे असे ॲपलला भासवले. मॅकिन्टॉशला कप्प्यांची खरी पद्धत मिळाली ती 'हार्ड डिस्क २०'बरोबर. आयबीएम पीसीतही तेच झाले. मार्च १९८३मध्ये १० मेगाबाइटची डिस्क घेऊन पीसी एक्सटी आला आणि त्याच्याबरोबर आलेल्या डॉस २.०मध्ये पहिल्यांदा कप्पे आले. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉप्यांनी अडवली होती, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळाले. घरोघरच्या विंडोजमध्ये फ्लॉपी केव्हाच दिसेनाशी झाली, तरी मुख्य डिस्क अजून 'सी'च आहे. आपण ज्याला सहज 'फोल्डर' म्हणतो, तो घरच्या संगणकात शिरला तो बव्हंशी या पाहुण्याच्या सामानामुळे.

तिसरा करार लिपीचा. माझ्या पोटात गोळा आला होता तो याच्यामुळे.

एसटी-५०६ आणि तिच्या वंशातल्या डिस्क मुळात फार अडाणी होत्या. डिस्कला दोन पट्ट्या जोडलेल्या असत. चौतीस तारांच्या रुंद पट्टीतून 'हेड एक पाऊल पुढे घे, मागे घे' असे हुकूम जात. वीस तारांच्या अरुंद पट्टीतून चुंबकीय स्पंदने ये-जा करत. ही स्पंदने म्हणजे कोणती अक्षरे, एक भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, यातले डिस्कला काहीच ठाऊक नसे. ते ज्ञान संगणकात खोचलेल्या कंट्रोलर कार्डाकडे. गवई खाली मान घालून गातो आहे आणि राग कोणता ते फक्त साथीदाराला माहीत आहे, असा मामला.

प्रत्येक कार्ड बनवणाऱ्याची लिहिण्याची पद्धत थोडी वेगळी. साध्या पद्धतीत एका वर्तुळावर ५१२ अक्षरांचे १७ भाग बसत, तर 'आरएलएल' या दाट पद्धतीत २६. त्यामुळे जवळपास तीच यंत्रणा एका कार्डाला २० मेगाबाइटची वाटे आणि दुसऱ्याला ३०ची. एका कंपनीच्या कार्डाने लिहिलेली डिस्क दुसरीच्या कार्डाला लावली, तर बहुतेक वेळा ती कोरी असल्यासारखीच दिसे. नवे कार्ड लावले की डिस्क मुळापासून पुन्हा आखून घ्यायची, म्हणजे जुने सगळे पुसायचे, हा तेव्हाचा शिरस्ता होता. काही कार्डांवर त्यासाठी डॉसच्या 'डीबग'मध्ये 'जी=सी८००:५' असा मंत्र टंकावा लागे. आमच्या पिढीतल्या दुरुस्तीवाल्यांना तो अजून तोंडपाठ आहे. पुढे १९८६-८७च्या सुमारास कार्डाचे हे ज्ञान डिस्कच्याच अंगावर बसवायला सुरुवात झाली, त्याला 'आयडीई' म्हणतात. त्यानंतरची डिस्क स्वतःचे अक्षर स्वतः वाचू शकते. मामांचा संगणक एक्सटीच्या नमुन्यावर बनलेला, म्हणजे त्या आधीच्या पिढीतला होता.

चिपळूणला पोचण्याआधीच मामेभावाचा फोन आला. "दादा, इथला एक जण म्हणतोय डिस्क सोडवून दे, दुकानातल्या मशीनला लावून बघतो. नाहीच दिसली तर फॉरमॅट मारून बघू म्हणतो." मी त्याला सांगितले, "मी येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावू नकोस." तो दुकानदार काही वाईट हेतूने बोलत नव्हता. तिसरा करार त्याच्या जन्माआधीचा होता, एवढेच.

संगणक माळ्यावरून खाली आणला. कोकणातल्या दमट हवेने पत्र्याला गंज आणि कार्डांना बुरशी धरली होती. पहिले दोन दिवस मी वीज दिलीच नाही. प्रत्येक कार्डाचे आणि पट्टीचे छायाचित्र काढले. हार्ड डिस्कची चौतीस तारांची पट्टी आणि फ्लॉपीची पट्टी दिसायला जुळ्या बहिणी असतात, पण त्यांतला पीळ वेगवेगळ्या तारांना असतो. अदलाबदल झाली की संपले. कार्डावर छोटे जंपर होते, त्यांनी डिस्कचा प्रकार ठरवलेला. हे एक नशीबच. पुढच्या एटी जातीच्या संगणकात ही नोंद बॅटरीच्या जोरावर टिकते आणि एवढ्या वर्षांत बॅटरी केव्हाच मेली असती. पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर बदलले, डिस्क न जोडता व्होल्टेज तपासले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डिस्क जोडून बटण दाबले.

दिवा लागला. डिस्क फिरली नाही.

हेच ते 'तबकडीवरच टेकायचे'. तबकडीवर वंगणाचा पातळ लेप असतो. हेड त्यावर वर्षानुवर्षे टेकून राहिले की चिकटते. म्हणून त्या काळी संगणक बंद करण्याआधी 'पार्क'ची आज्ञा देऊन हेड माहिती नसलेल्या कडेला नेऊन ठेवायची पद्धत होती. मामा ती पाळत, हे मला माहीत होते. यंत्रावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती. चिकटलेले हेड सोडवायला डिस्क हातात धरून मनगटाला एक हलका झटका द्यायचा, तबकडी ज्या प्रतलात फिरते त्याच प्रतलात. जोर जास्त झाला तर हेडच निखळते. मी आयुष्यात अनेक यंत्रे सोडवली, पण तीस वर्षांचा पाऊस हातात धरून झटका देण्याची वेळ एकदाच आली. मामी दारात उभ्या होत्या. त्यांना मी चहा करायला पाठवले.

दुसऱ्या झटक्याला डिस्क फिरली. तो आवाज, हळूहळू चढत जाणारी शीळ आणि मग हेडची टकटक, ज्यांनी ऐकला आहे त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना ते पटणार नाही. लगेच वाचायला गेलो नाही. या डिस्कमध्ये हेड ठराविक पावलांनी सरकते, आणि धातू तापला की पावलांचा नेम थोडा बदलतो. मामांनी आकडे भरले ते तास-तासभर चाललेल्या, तापलेल्या यंत्रावर. म्हणून अर्धा तास तसेच फिरू दिले. मग पडद्यावर 'सी' आले आणि फायलींची यादी उतरली. प्रत्येक वर्षाची एक, अशा तीस फायली.

सगळ्या फायली मिळून जेमतेम अडीचशे किलोबाइट. फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला होता, म्हणून सीरियल केबलने माझ्या लॅपटॉपवर एकेक फाइल पाठवत गेलो. डॉसने मधूनमधून 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' असे विचारले. मी दरवेळी 'रिट्राय'चे आर दाबत होतो. बहुतेक ठिकाणी दहाव्या-पंधराव्या दाबाला अक्षर उमटले. १९७४च्या फाइलमध्ये एका जागी मात्र दोनशे वेळा दाबूनही उमटले नाही. डिस्कवरचा एक भाग म्हणजे ५१२ अक्षरे. मामांच्या मांडणीत एका दिवसाला वीस अक्षरे होती. १९७४च्या जुलैतले पंचवीस दिवस गेले.

बाकी सगळे मिळाले. मामांनी आकडे 'डीबेस थ्री'मध्ये भरले होते. त्या फायलींची रचना इतकी सर्वज्ञात आहे की फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही त्या उघडतात, आणि तशा त्या उघडल्या. शेवटच्या रकान्यात दोन-तीन अक्षरांच्या खुणा होत्या. मामींनी त्या ओळखल्या: गडगडाट, वारा, नदी चढली.

आज अशा डिस्कसाठी चांगली साधने आहेत. तबकडीवरची स्पंदने जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि कोणत्या कार्डाची लिपी ते नंतर निवांत उलगडायचे, असे छोटे फलक हौशी मंडळींनी तयार केले आहेत. तेच फलक पुढे डिस्कच्या जागी बसून जुन्या संगणकाला डिस्क असल्याचे भासवतात. जुन्या ॲपलला आणि अमिगालाही लोक आता मेमरी कार्ड जोडतात. चाळीस वर्षांपूर्वी हार्ड डिस्कने फ्लॉपीचे सोंग घेतले होते, आता मेमरी कार्ड हार्ड डिस्कचे सोंग घेते.

तेव्हा, तुमच्याही माळ्यावर एखादा जुना संगणक असेल, तर एवढे करा. तो उत्साहाच्या भरात सुरू करू नका. डिस्क एकटी काढून ठेवून बाकीचे भंगारात घालू नका; तिचे कार्ड आणि पट्ट्या तिच्याबरोबर राहू द्या. आणि कोणी 'फॉरमॅट मारून बघू' म्हणाला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मामींना मी आकड्यांचे तीस कागदी गठ्ठे छापून नेऊन दिले. त्यांनी १९७४चा गठ्ठा उघडला, जुलैची मोकळी जागा पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यांना हे चाललं नसतं." मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "पण मोकळं ठेवलंस ते बरं केलंस. अंदाजानं भरलेलं त्यांना त्याहून चाललं नसतं." गठ्ठे आता वरच्या मजल्यावर असतात. आणखी एक प्रत माझ्याकडे पुण्यात आहे.